सोळा खुणा आणि एक जुलै

(नाशिक येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नाशिकला व्याख्यान द्यायचं म्हणजे वक्त्यानं थोडं भिऊनच उभं राहावं. मे महिनाभर गोदाघाटावर बसून भाषणं ऐकायची या गावाची सवय शंभर वर्षांची आहे. वसंत व्याख्यानमालेत मुरलेल्या श्रोत्याला वक्ता किती पाण्यात आहे हे पाच मिनिटांत कळतं. त्यात माझा विषय संख्याशास्त्राचा. ज्यांच्या नावानं ही माला चालते ते सर हयातभर गणित शिकवत राहिले; त्यांच्या पुण्याईवर आज तरून जाईन अशी आशा आहे.

प्रश्न एका वाक्यात मांडता येतो. दोन गोष्टी बरोबरीनं वाढताना-घटताना दिसल्या, तर एक दुसरीचं कारण आहे असं म्हणायचं का? पुस्तकी उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते बरोबरही आहे. पण तेवढ्यावर भागत असतं तर मी आत्ताच खाली बसलो असतो. चहा मात्र अजून उकळायचा आहे. म्हणून पुढचे दोन प्रश्न घेऊ. कारण ठाऊक नसताना अशा आकड्यांवर किती भिस्त ठेवायची? आणि कारण दाखवायचंच असेल तर आणखी काय लागतं? त्यासाठी लांब जायला नको. पाऊस, द्राक्षबाग, धरण, तंबाखू आणि ढग, एवढं सामान आपल्याच राज्यात आहे.

पावसापासून सुरू करतो.

भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं आणि पाठोपाठ १८७६ चा तो भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. सरकारला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती: पावसाळा कसा जाणार ते आधी सांगा. ब्लॅनफर्डना एक खूण सापडली. हिमालयात बर्फ जास्त साठलं की पुढचा पावसाळा कमजोर जातो. त्या जोरावर १८८६ पासून नियमित अंदाज निघू लागले. त्यांच्या जागी आलेल्या जॉन इलियटनी खुणांची यादी वाढवली. १८९९ साली त्यांचा अंदाज सपशेल चुकला, आणि चुकला तो नेमका दुष्काळाच्या वर्षी.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्राशी फारसा परिचय नाही. त्यांनी सरळ हिशेबाचा रस्ता धरला. जगभरच्या ठाण्यांवरचे हवेचे दाब, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर, जे जे मोजलं जात होतं त्याची भारतातल्या पावसाशी जोडी लावायची आणि सहसंबंध काढायचा. कॉम्प्युटर नव्हता. खात्यातले भारतीय कारकून हातानं बेरजा-गुणाकार करत होते.

हा सहसंबंध गुणांक काय सांगतो? तो उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये कुठंतरी असतो. दोन गोष्टी एकाच दिशेनं हलतात की उलट, आणि किती घट्ट हलतात, एवढंच तो सांगतो. कोण कोणाला हलवतंय, हे सांगण्याची त्याच्यात सोयच नाही. पावसाला पहिलं नाव द्या आणि दाबाला दुसरं, किंवा उलट करा, गुणांक तोच येतो. आणि अर्धा गुणांक आला म्हणजे अर्धं कोडं सुटलं असंही नाही. ०.५ गुणांकाची खूण पावसातल्या चढ-उताराचा जेमतेम चौथा हिस्सा आपल्या खात्यावर घेते.

या आकडेमोडीतून वॉकरना एक फार मोठी गोष्ट हाती लागली. प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलट. १९२४ च्या सुमारास त्यांनी तिला दक्षिणी आंदोलन असं नाव दिलं. असं का होतं, हे त्यांना सांगता आलं नाही. ते कारण याकब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली मांडलं: विषुववृत्तावरचं समुद्राचं पाणी पूर्वेला थंड, पश्चिमेला गरम, त्या फरकावर वाऱ्यांचं एक मोठं चक्र चालतं, ते ढिलं पडलं की एल निनो. त्या चक्राला ब्यर्कनेसनी वॉकरचंच नाव दिलं. नातं सापडलं आणि कारण सापडलं, यांच्यामध्ये पंचेचाळीस वर्षं गेली. नुसत्या सहसंबंधाला नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वॉकरच्या कारकुनांनी ते गुणांक काढलेच नसते, तर ब्यर्कनेस कशाचं कारण शोधणार होते?

आता आपल्या काळात येऊ. पुण्याचे वसंत गोवारीकर, रॉकेटच्या घन इंधनातले तज्ज्ञ, पुढं केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचे सचिव. त्यांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून सोळा खुणांचं मॉडेल वापरात आलं. हिमालयातलं बर्फ त्यात होतं, एल निनो होता, उत्तर भारतातलं मार्च महिन्याचं तापमान होतं, ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराचा हवेचा दाब होता आणि अर्जेंटिनातला एप्रिलमधला दाबसुद्धा होता. अर्जेंटिना! आपल्याकडच्या बाजरीचा आणि ब्यूनस आयर्सच्या हवेचा संबंध काय, असं तेव्हाही लोक विचारत. उत्तर असं, की संबंध गणितात दिसतो. वर्षामागून वर्षं अंदाज बरोबर ठरत गेला आणि मॉडेलचा दरारा बसला.

पण जरा थांबा. १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत देशाच्या पातळीवर दुष्काळ म्हणावं असं एकही वर्ष आलं नाही. म्हणजे एखाद्यानं काहीही न मोजता, दर मे महिन्यात पारावर बसून 'यंदा दुष्काळ नाही' असं सांगितलं असतं, तर त्याचाही शेरा चौदापैकी चौदा असता. मॉडेलची खरी परीक्षा वाईट वर्षात होणार होती. ते वर्ष २००२. अंदाज सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा. जून ठीकठाक गेला, पेरण्या झाल्या. मग जुलै आला. पावसाचा राजा महिना, आणि देशभर सरासरीच्या सुमारे निम्माच पाऊस. हंगाम संपला तेव्हा तूट १९ टक्के होती. सोळाच्या सोळा खुणा मिळूनही तो एक जुलै पकडू शकल्या नाहीत. पुढच्या वर्षी खात्यानं आठ आणि दहा खुणांची नवी मॉडेलं आणली. २००४ साली त्यांचाही अंदाज सरासरीएवढा होता आणि पाऊस त्याच्या बराच खाली राहिला.

चूक कुणाची? गणिताची नव्हती. मान्सूनवाल्यांना एक गोष्ट पुरती ठाऊक आहे, की ही नाती स्थिर नसतात. काही दशकं घट्ट, मग सैल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले कृष्णकुमार आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ सालीच दाखवलं होतं, की एल निनो आणि आपला पाऊस यांचं जुनं नातं ढिलं पडत चाललंय. १९९७ चा एल निनो शतकातल्या सगळ्यात जबर एल निनोंपैकी. त्या वर्षी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. हिंदी महासागराच्याच दोन टोकांच्या तापमानातला फरकही पावसावर हात चालवतो, हे शास्त्रज्ञांना कळलं तेही १९९९ साली. म्हणजे ज्या गोष्टीचं त्या यादीत नावच नव्हतं, ती पडद्यामागून सूत्रं हलवत होती.

यातून मला एवढंच म्हणायचंय. अंदाज बांधायला खूण पुरते. कारण कळायला हवंच असं नाही. मुंग्या अंडी तोंडात धरून वर चढू लागल्या की पाऊस येतो, असं आमची आजी म्हणायची. कावळ्यानं घरटं कुठल्या फांदीवर बांधलं हे बघून गावोगाव हंगाम वर्तवतात. त्यात तथ्य असेल तर असेल. पण मुंग्यांना काठीनं वर चढवून पाऊस पाडता येत नाही. खूण वाचायची असते. ती धरून ओढायला गेलं की दुसरं टोक कशाला बांधलंय हे आधी माहीत हवं. सरकार, डॉक्टर, शेतकरी, पालक, या सगळ्यांना काहीतरी करायचं असतं. आणि करायचं म्हटलं की खुणेवर भागत नाही.

दुसरा मुद्दा थोडक्यात. नातं आहे का, हेच आधी बघावं. १९१४ साली खुद्द वॉकरनी एक सावधगिरी सांगून ठेवली आहे: शंभर जोड्या चाळल्या तर त्यातल्या काही निव्वळ योगायोगानं घट्ट दिसणारच, म्हणून सगळ्यात घट्ट जोडी मिरवताना किती जोड्या चाळल्या तेही सांगा. आपण ते सांगत नाही. लागलेलं भाकीत लोकांच्या लक्षात राहतं, फसलेलं हवेत विरतं. २००८ साली जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्यानं पत्रिकांची एक चाचणी घेतली. शंभर पत्रिका हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका. कोणती कोणाची ते ओळखायचं. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. एका संस्थेनं दोनशेच्या दोनशे तपासल्या, १०२ बरोबर. नाणं उडवून यापेक्षा वाईट झालं नसतं. तिथं ग्रहांचा परिणाम कसा होतो यावर वाद घालत बसण्यात अर्थच नाही. परिणाम दिसला तर पाहिजे. त्र्यंबकेश्वर तीसएक किलोमीटरवर आहे, मी आवाज जरा खाली ठेवतो.

आता द्राक्षबागेत चला. सभागृहात निफाड-दिंडोरीकडची मंडळी दिसताहेत, त्यांना हे पाठ आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, घड बाहेर पडले, डिपिंग झालं. कृषी सेवा केंद्रात एक नवं टॉनिक आलेलं असतं. बाटली लहान, किंमत मोठी. दुकानदार मोबाइल काढून फोटो दाखवतो: अमक्याच्या बागेत मारलं, मण्याला कशी फुगवण आली बघा, १८ मिलिमीटरच्या वर गेला, सगळा माल एक्सपोर्टला. फोटो खरा असतो. बागाईतदार खरा असतो. ज्यांनी टॉनिक मारलं त्यांचा माल सरासरीनं खरंच चांगला आहे, हेही धरून चालू.

तरी टॉनिकला श्रेय द्यायचं का?

ते महागडं टॉनिक घेतो कोण? ज्याच्याकडं शेततळं भरलेलं आहे, ज्यानं पानदेठ तपासून घेतलेत, ज्याला घडांची विरळणी वेळेवर करायला मजूर मिळतात, ज्याच्या गाठीला मागच्या हंगामाचे चार पैसे आहेत. त्याचा मणी टॉनिक न मारताही फुगला असता. म्हणजे टॉनिक आणि माल दोन्ही एकाच तिसऱ्या गोष्टीमागून आलेत. बरं, याची दिशा उलटीही असू शकते. बाग जोमात दिसली की शेतकऱ्याचा हात सैल होतो आणि तो आणखी खर्च करतो. बाग बसली की हात आखडतो. म्हणजे चांगल्या बागेनं टॉनिक आणलं! आणि ज्यांनी मारूनही मणी बारीक राहिला, त्यांचे फोटो दुकानदाराच्या मोबाइलमध्ये का नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगणार.

याच्यापेक्षा चकवणारा आणखी एक प्रकार आहे. आपण उपाय कधी करतो? अगदी गळ्याशी आल्यावर. पाऊस लांबला, पिकं माना टाकू लागली, की गावात धोंडी काढतात. पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधायचा, घरोघरी फिरवायचं, प्रत्येक घरानं त्याच्यावर पाणी ओतायचं. आणि आठ-दहा दिवसांत पाऊस येतो. येणारच. इतकी लांबलेली उघडीप कधीतरी संपणारच असते. सगळ्यात वाईट दिवशी काहीही केलं तरी पुढचे दिवस त्यामानानं बरेच जातात. याच हिशेबात किती काढे, किती अंगठ्या, किती कोचिंग क्लास आणि किती पोलीस आयुक्त यशस्वी ठरले असतील, त्याची मोजदाद नाही.

मग कारण कळणार कसं? सरळ रस्ता प्रयोगाचा, त्याकडं शेवटी येतो. आधी अवघड रस्ता. जिथं प्रयोग करताच येत नाही तिथं काय?

कोयना. १०३ मीटर उंचीचं धरण. १९६२ च्या सुमारास जलाशयात पाणी साठू लागलं आणि थोड्याच दिवसांत आसपासच्या गावांतून जमिनीतून आवाज येतात, भांडी हलतात, अशा तक्रारी येऊ लागल्या. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रानं तिथं भूकंपमापक बसवले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. दख्खनचा हा खडक स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही, असं तोवर मानलं जात होतं.

धरण भरलं, मग भूकंप झाले. हा एवढाच पुरावा असता तर त्याची किंमत धोंडीइतकीच. आणि आक्षेप घेणारे गप्प बसले नव्हते, बसायलाही नको होते. धरणापूर्वी त्या खोऱ्यात मोजणारं यंत्रच नव्हतं. पूर्वीही हादरे बसत असतील, कोणी लिहून ठेवले नाहीत एवढंच कशावरून नाही? राज्यात इतकी धरणं आहेत. जायकवाडी आहे, उजनी आहे, आपलं गंगापूर आहे, तिथं का होत नाही? इतक्या खोल खडकात उद्भवणाऱ्या भूकंपाला वरचं शंभर मीटर पाणी काय करणार?

आक्षेप बिनतोड वाटतात ना? त्यांचा निकाल एका दिवसात लागला नाही, एका आकड्यानं तर नाहीच लागला. हर्ष गुप्ता आणि इतर अनेक भूशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्यांना भिडत राहिले. पहिलं, वेळ. पावसाळ्यात जलाशय भरतो, त्यानंतरच्या महिन्यांत हादरे वाढतात, आणि हे एकदा नव्हे, दर साल. दुसरं, मात्रा. पाणी किती वेगानं चढलं, किती उंच गेलं, वरच्या पातळीवर किती दिवस टिकलं, पूर्वीची कमाल पातळी ओलांडली का, याच्याशी मोठ्या हादऱ्यांचा मेळ बसतो. तिसरं, जागा. इतकी दशकं उलटली तरी हे सगळं साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात घडतंय, बाहेर पसरत नाही. चौथं, आणि मला सगळ्यात पटणारं: दक्षिणेला वारणा धरण १९८५ पासून भरू लागलं आणि पुढच्या काही वर्षांत हादऱ्यांचा मुक्काम त्या बाजूला सरकला. कोणी प्रयोग म्हणून केलेलं नव्हतं, पण प्रयोगासारखंच झालं. पाचवं, परदेशात झांबेझी नदीवरच्या करिबा धरणापाशी, चीनमध्ये, ग्रीसमध्ये असंच दिसलेलं होतं. आणि सहावं, घडतं कसं याचं उत्तर. पाण्याचं वजन ही त्यातली धाकटी बाजू. पाणी खडकांच्या भेगांतून खाली झिरपतं, भेगांमधला दाब वाढवतं आणि आधीच ताणलेला प्रस्तरभंग सटकतो. प्रस्तरभंग आणि ताण दोन्ही आधीपासून असावे लागतात. जायकवाडीला का होत नाही, या आक्षेपाला इथं उत्तर मिळतं. म्हणूनच शास्त्रज्ञ असं म्हणत नाहीत की धरणानं भूकंप निर्माण केला; धरणानं तो चेतवला असं म्हणतात. हे तपासायला आता कराडला खास प्रयोगशाळा उभी आहे, आणि कोयनेच्या परिसरात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल चाचणी विवर खणून खडकाची दशा प्रत्यक्ष पाहिली गेली.

बघा, यातला एकेक पुरावा सुटा घेतला तर तो सहसंबंधच आहे. पण प्रत्येकानं एकेका आक्षेपाचं दार बंद केलंय. असं दारामागून दार बंद करत जायला तीस-चाळीस वर्षं लागतात, आणि तेवढा दम बातमीत नसतो. कळवण-सुरगाण्याकडं हादरा बसला की दिंडोरी रोडवरच्या मेरी या संशोधन संस्थेतून तीव्रतेचा आकडा येतो आणि संध्याकाळपर्यंत कारणही व्हॉट्सॲपवर येऊन पोहोचलेलं असतं. आकडा यंत्रानं दिलेला असतो. कारण कोणी दिलं, हे विचारायची आपली पद्धत नाही.

इथं मला उलट बाजूनं एक इशारा द्यायचाय. 'सहसंबंध म्हणजे कारण नव्हे' हे वाक्य आता अनेकांना पाठ झालंय, आणि ज्यांना काही करायचं नसतं त्यांनाच ते सगळ्यात आधी पाठ होतं. टाटा हॉस्पिटलमधले डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांचे सहकारी संघवी आणि राव यांनी १९५५ साली तंबाखू ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंडा-घशाचा कॅन्सर यांचं नातं दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या माणसांत तंबाखूची गोळी गालात जिथं दाबून ठेवतात तिथंच गाठ येते, हे डॉक्टर रोज बघत होते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर, प्रयोगात चिठ्ठी टाकायची पद्धत ज्यानं रुळवली तो संख्याशास्त्राचा महापुरुष, स्वतः पाइप ओढत सांगत होता की सिगारेटमुळं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. सिगारेटची ओढ आणि कॅन्सर या दोन्हींमागं एखादं आनुवंशिक कारण असेल. तर्क म्हणून त्यात खोट नव्हती. पण निम्म्या माणसांना चिठ्ठी टाकून तंबाखू खायला लावणारा प्रयोग कोणी करणार नव्हतं, आणि कोयनेसारखी एकेक दारं इथंही बंद होत आली होती. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. मधल्या वर्षांत किती जबडे कापले गेले? खात्री शंभर टक्के होईपर्यंत हात बांधून बसायचं, हाही निर्णयच असतो आणि त्याचं बिल कोणीतरी भरत असतं.

आता सरळ रस्ता. जिथं प्रयोग करता येतो तिथं आपण काय करतो?

कृत्रिम पाऊस घ्या. २००३, २०१५, २०१९ अशा टंचाईच्या वर्षांत राज्य सरकारनं विमानं उडवून ढगांत फवारणी केली. विमान उडलं, कुठं पाऊस पडला, छायाचित्रं छापून आली. पण विमान उडतं कोणत्या दिवशी? ढग चांगले असतील त्या दिवशी. चांगल्या ढगांतून पाऊस एरवीही पडतो. आणि मोहीम काढतात कधी? उघडीप लांबल्यावर. म्हणजे टॉनिकचा दोष आणि धोंडीचा दोष एकाच विमानात बसून निघाले.

पुण्याच्या त्याच हवामानशास्त्र संस्थेनं हा प्रश्न कसा हाताळला ते ऐका. १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे बारामती परिसरात प्रयोग झाला. सारखे दोन पट्टे आखले, मध्ये मोकळा पट्टा सोडला. फवारणीच्या दिवशी कोणत्या पट्ट्यावर बारीक मीठ सोडायचं ते चिठ्ठीनं ठरायचं. दुसरा पट्टा तसाच ठेवायचा. त्या दिवसाची हवा दोघांना सारखी, नशीब चिठ्ठीचं. वैमानिकाला ढग आवडला म्हणून तिकडं वळायची मुभा नाही. अकरा हंगामांचा हिशेब केला तेव्हा मीठ टाकलेल्या बाजूला २४ टक्के पाऊस जास्त दिसला. मिठाचा काहीच परिणाम नसता तर एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता शंभरात चार. पुढं २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरकडच्या कोरड्या पट्ट्यात २७६ ढगांवर पुन्हा चिठ्ठीनं प्रयोग झाला आणि वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरवर सुमारे १८ टक्के वाढ आढळली. आकडे बेताचेच आहेत. ढगच नसेल तर काही होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण या आकड्यांवर हात ठेवून शपथ घेता येते.

चिठ्ठी टाकली की काय होतं? शेततळं कोणाचं भरलंय, ढग कोणाचा जाड आहे, कोणाच्या गाठीला पैसे आहेत, ज्या गोष्टी आपल्याला सुचल्या त्या आणि ज्या कधी सुचणारच नाहीत त्याही, दोन्ही बाजूंना साधारण सारख्या वाटल्या जातात. द्राक्षवाल्यांना जमणारं काम आहे हे. एकाच वयाच्या, एकाच पाण्यावरच्या ओळी घ्या, नाणं उडवून काहींवर टॉनिक मारा, काहींवर नुसतं पाणी. फवारा उडतो म्हणून कडेच्या ओळी सोडून द्या. दोराला रंगीत फिती बांधा, आणि मणी मोजणाऱ्याला कोणती फीत कशाची ते सांगू नका. दुकानदार तुमच्यावर रागावेल, त्याला माझा नमस्कार सांगा.

लोक म्हणतात, माणसांच्या बाबतीत चिठ्ठी टाकणं बरं दिसत नाही. बरं दिसत नाही? आपण दर वर्षी टाकतो की! म्हाडाची सोडत काय आहे? शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांची सोडत काय आहे? इंग्रजी शाळेत गेलेली मुलं पुढं जातात असं आपण सगळे धरून चालतो. पण ती मुलं शाळेमुळं पुढं गेली की शाळा निवडणाऱ्या घरामुळं, हे कोणी वेगळं केलंय? अर्ज केलेल्या मुलांपैकी नंबर लागलेली आणि न लागलेली, दोघांची घरं सारखी, हौस सारखी, फरक फक्त चिठ्ठीचा. मुंबईत म्हाडाचं घर लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची अशी तुलना संशोधकांनी केलेली आहे. शाळांच्या सोडतीत न लागलेल्या मुलांच्या याद्यांचं आपण काय करतो? संकेतस्थळावरून उतरवतो आणि विसरतो.

तेव्हा नाशिककरांसमोर एक जाहीर सूचना मांडतो. पुढच्या टंचाईत सरकारला विमान उडवायचंच असेल तर खुशाल उडवावं. पण आधी सारखे पट्टे आखावेत, त्या दिवशी फवारणी कुठं ते सोडतीनं ठरवावं, दोन्हीकडचे पर्जन्यमापक सारखे ठेवावेत आणि आकडे, अनुकूल असोत की प्रतिकूल, हंगाम संपला की छापावेत. येवल्याचे आमदार विचारतील, आमच्यावर का नाही? सिन्नरचे विचारतील, आज आमची पाळी का हुकली? त्यांना सांगावं, उद्या पुन्हा सोडत आहे. घरासाठी जी पद्धत लोकांना चालते ती ढगासाठी का चालू नये, याचं उत्तर मंत्रालयातून कोणी दिलं तर मला ऐकायला आवडेल.

अध्यक्ष महाराजांनी दिलेली वेळ संपत आलीय. प्रश्नांच्या चिठ्ठ्या समोर येऊन पडल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या द्राक्षांवर असणार असा माझा अंदाज आहे. त्या बघू या.